मांडवापुरतं आभाळ

दसरा चार दिवसांवर आला की शेजारचे काका अंगणात येऊन उभे राहायचे. कपाळावर आडवा तळहात धरायचे, मान मागे टाकून माझ्या आंब्याच्या फांदीकडे बघायचे आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "आभाळ नाही दिसून राहिलं, बाई."

मी व्हरांड्यात वह्या तपासत बसलेली असायचे. मान वर न करता म्हणायचे, "ऊन उतरलं की दिसेल, काका." हे उत्तर मूर्खपणाचं आहे हे मलाही कळायचं. पण या माणसाने दरवर्षी त्याच एका वाक्याने मला इतकं वैतागवलं होतं की शहाणं उत्तर द्यायची इच्छाच उरली नव्हती.

तुमच्याही शेजारी असा कुणी असेल. भांडत नाही, आवाज चढवत नाही, पण आपलं म्हणणं सोडत नाही. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये आमची क्वार्टरं एकमेकांना चिकटून, मध्ये मेंदीचं कुंपण. काका स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. सगळी नोकरी उंचावर बसून खाली बघण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर हा गृहस्थ खाली उभा राहून वर बघायला लागला. शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, पायात प्लांटचेच जुने बूट, खिशात मोजायची टेप.

ते बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. आजोबा रेल्वेत लागले आणि नागपूरवरून दुर्गला आले. आडनाव कोकणातल्या गावाचं राहिलं, बोली मात्र इथल्या बहुतेक मराठी लोकांसारखी नागपुरी झाली. कॉलनीतले निम्मे लोक त्यांना ख्रिश्चन समजत आणि नाताळात केकची वाट बघत. काका चिडत. "मी काय सांताक्लॉज हाव काय? यांना सांगून सांगून थकलो." पुढच्या नाताळात पुन्हा कुणीतरी शुभेच्छा द्यायला हजर.

त्यांचा लाडका सण सुक्कोथ. ते त्याला मांडवाचा सण म्हणत. इजिप्तमधून सुटलेले त्यांचे पूर्वज चाळीस वर्षं वाळवंटात खोपटी बांधून राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस मांडवात जेवायचं. मांडव साधाच, पण नियमाचा पक्का. छप्पर तोडलेल्या पानांचं हवं, त्यातून चांदण्या दिसायला हव्यात, आणि वर झाड असता कामा नये.

"झाडाखालचा मांडव कावून चालत नाही?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं होतं.

"झाडाखाली तर कोणीबी बसते, बाई. त्याच्यासाठी सण कशाले पायजे?"

अडचण अशी की त्यांच्या अंगणाच्या एका बाजूवर वरच्या मजल्याची बाल्कनी, दुसऱ्या बाजूवर माझी फांदी. मधे उरली आभाळाची एक पट्टी. त्या पट्टीत काका मांडव उभारत.

आणि मांडव कसला म्हणता! आमच्या भिलाईत दुर्गापूजेच्या पंडालांना थीम असते. कुठे बर्फाची गुहा, कुठे राजवाडा. काकांचा मुलगा खुर्सीपारच्या एका टेंट हाऊसमध्ये कामाला होता. दसरा झाला, पंडाल उतरले, की फेकून द्यायचं सामान तो टेम्पोत टाकून वडिलांकडे पाठवायचा. त्यामुळे काकांचा खर्च सुतळीपुरता. त्या वर्षी पंडालची जी थीम, तीच पाच दिवसांनी काकांच्या मांडवाची. देवादिकांचं काही असेल तर ते मुकाट परत पाठवत, बाकी सगळं चाले. छपरावर मात्र शिंदीच्या झावळ्याच, आमच्याकडे त्यांना छिंद म्हणतात. त्या ते स्वतः सायकलवरून आणत.

एका वर्षी मांडव समुद्राच्या तळाशी होता. थर्माकोलचे मासे, ऑक्टोपस, आणि मधे काकू मनुका भिजवून काढलेलं सरबत पेल्यांत ओततायत. प्रार्थनेला लागणाऱ्या द्राक्षाच्या दारूच्या जागी हे सरबत, त्यावर काका देवनागरीत छापलेल्या चोपडीतून हिब्रू प्रार्थना म्हणत. दुसऱ्या वर्षी अंतराळयान आलं. काकू दारातून विचारत, "यंदा कुठं जेवाचं?" आणि काका गंभीरपणे सांगत, "चंद्रावर." रस्त्याने जाणारे थांबत. "अंकल, मूर्ती कब बैठेगी?" काका म्हणत, "नहीं बैठेगी." तरी एक बाई चपला काढून ऑक्टोपसला नमस्कार करून गेली. काका दिवसभर धुसफुसत होते.

"आमाले वाळवंट पायजे," ते म्हणत. "साऱ्या दुनियेची थीम करतेत हे पंडालवाले, वाळवंट नाही करत. आमचे लोक काय ऑक्टोपससंगं राहत होते?"

पण खरं दुःख वाळवंटाचं नव्हतं. मांडवात ते एक लाल प्लास्टिकची खुर्ची मुलासाठी रिकामी ठेवत. टेंटच्या कामाला लागल्यापासून तो एकदाही त्या खुर्चीत बसला नव्हता. दसऱ्यानंतर पंडाल उतरवायचे, लगेच ते सामान कालीपूजेच्या पंडालांना पोचवायचं, नेमके हेच दिवस त्याच्या धावपळीचे. टेम्पो यायचा, मुलगा यायचा नाही. फोनवर म्हणायचा, "बाबा, सीजन है ना." काका फोन ठेवून माझ्याकडे बघत, जणू सीझन मीच लावला होता. "दुनियेचे मांडव बांधते. बापाच्या मांडवात जेवाले टाइम नाही."

आणि फांदी वाढत होती. पहिल्या वर्षी मांडवात सहा खुर्च्या मावत होत्या. मग चार. मग तीन. लाल खुर्ची अंग चोरून कोपऱ्यात जाऊ लागली. काका टेप लावून मोजत आणि कुंपणाशी येत.

"एक हात, बाई. फक्त एक हात कापा."

"परवानगी लागते, काका. असं झाड तोडता येत नाही."

हे खोटं होतं. फांदी छाटायला परवानगी लागते की नाही, मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. पण आमच्या गावात परवानगीचं नाव काढलं की माणूस गप्प बसतो, आणि मला तेच हवं होतं.

काका गप्प बसले नाहीत. आठ दिवसांनी ते सुवाच्य हिंदीत लिहिलेला अर्ज घेऊन आले. विषय, संदर्भ, क्वार्टरचा नंबर, सगळं जागच्या जागी. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली. "तुमी सही करा, मी पोचवून देतो." मी अर्ज वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवला. पुढच्या वर्षी त्यांनी नवा आणला. तोही मी ठेवला. उन्हाळ्यात त्यांच्याकडे कैऱ्यांची पिशवी पाठवायची आणि आश्विनात कानाडोळा करायचा, असा माझा क्रम ठरून गेला.

का, ते सांगते. त्या फांदीवर माझ्या मुलीचा झोका होता. माझं अंगण खडकाळ, म्हणून झोका कुंपणापलीकडे, काकांच्या बाजूला टांगलेला. बांधून दिला तोही काकांनीच, क्रेनवाल्याची गाठ मारून. "हत्ती बसला तरी सुटाची नाही," म्हणाले होते. मुलगी आता पुण्याला नोकरी करते, दिवाळीलाही येईलच असं नाही. पाट केव्हाच मोडला. दोराचे दोन तुकडे मात्र फांदीला तसेच राहिले, त्यांच्यावर साल चढली. मला ती फांदी कापवत नव्हती. हे काकांना सांगण्याइतका सरळपणा माझ्यात नव्हता, म्हणून परवानगी.

मग ते वर्ष आलं. कोजागिरीची संध्याकाळ, सणाचा पहिला दिवस. टेम्पो आला आणि सामानावर बसून मुलगा आला. केसांत भुसा, हाताला खिळ्याचे ओरखडे, पण चेहरा लहान पोरासारखा. "बाबा, देखो तो सही!" त्याने ताडपत्री ओढली. आत वाळूच्या रंगाचं कापड, खजुराची झाडं आणि थर्माकोलचा पुरुषभर उंट. खुर्सीपारच्या एका पंडालने राजस्थान केलं होतं.

काका नुसते त्या कापडावरून हात फिरवत राहिले. मग एकदम घाईला लागले. बापलेकांनी तासाभरात वाळवंट उभं केलं. उंट तेवढा उभा राहीना. मान फांदीला अडत होती. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला आणि आत जायचं निमित्त शोधू लागले. काकांनी करवत आणली आणि उंटाची मान कापून खाली ठेवली.

"उंटाची कापली, बाई," ते कुंपणापलीकडून म्हणाले. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मांडवात त्या वर्षी दोनच खुर्च्या मावल्या. एकीवर काकू. दुसरी लाल. काकांनी मुलाला खांद्याला धरून तिच्यात बसवलं.

"आप बैठो ना, बाबा."

"मी तर दरसाल बसतो. तू बस."

काका बाहेर आले आणि माझ्या फांदीखाली उभे राहिले. हातात भरलेलं ताट होतं. पण मांडवाबाहेर जेवायचं नाही, म्हणून ते जेवले नाहीत. नुसतं ताट धरून मुलाला जेवताना बघत होते. प्रार्थनाही तिथूनच म्हणाले. मुलगा भराभर जेवत होता. त्याचा फोन दोनदा वाजला, तिसऱ्यांदा तो उठला. कुठेतरी ट्रक खोळंबला होता. "कल पक्का आता हूँ," म्हणाला आणि टेम्पोत चढला. मग काका आत गेले आणि त्या रिकाम्या लाल खुर्चीत बसून गार झालेलं जेवण जेवले. वर्षानुवर्षं ज्या एका जेवणाची वाट बघितली, ते मुलाशेजारी बसून त्यांना जेवता आलं नाही. एक हातभर जागा कमी पडली. ती कुणी दिली नाही, हे मी व्हरांड्यातून बघत होते.

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. ओरडायचं होतं एकदा माझ्यावर! कुंपण ओलांडून स्वतःच कापायची होती! फांदी त्यांच्या अंगणात होती, करवत त्यांच्या हातात होती. एवढं सोसायचं काय कारण होतं?

मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही. सणाचे बाकीचे दिवसही आला नाही. मी ठरवलं, दिवाळी झाली की फांदी उतरवायची. दिवाळी झाली. मग परीक्षा आल्या. मग थंडीत चार दिवसांच्या तापाने काका गेले. मुलगा काकूंना खुर्सीपारला घेऊन गेला आणि क्वार्टरला कुलूप लागलं.

उन्हाळ्यात मी माणूस बोलावला. अर्ध्या तासात फांदी खाली आली. कुणी काही विचारलं नाही, कुठला कागद मागितला नाही. त्या अर्ध्या तासाची मला अजून चीड येते.

परवा आश्विनात मुलगा उरलेलं सामान न्यायला आला. बिनमुंडीचा उंट अजून भिंतीला टेकून उभा होता. तो मोकळ्या अंगणात थांबला, कपाळावर आडवा तळहात धरला आणि मान मागे टाकून वर बघितलं. मी वही मिटून कुंपणापाशी गेले.

"काट दिया, आंटी?"

"हो," मी म्हणाले. आणि मग, सवय जाते कुठे, "परवानगी मिळाली शेवटी."

तो जरा गोंधळला. "परमिशन तो लगती ही नहीं थी. बाबा ऑफिस में पूछ के आए थे, बहुत पहले. पहली बार आपने बोला, तभी."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मैंने भी यही पूछा था. बोले, बाईच्या पोरीचा झोका हाय त्याच्यावर, माझ्याच हातची गाठ हाय. त्यांच्या मनाले येईन तेव्हा कापतीन. आपण फक्त विचारत राहायचं."

एवढं तो त्यांच्यासारखंच, मराठीत बोलला. मग त्याने उंट टेम्पोत आडवा घातला, लाल खुर्ची त्यावर उलटी ठेवली आणि दोराने आवळून बांधली. जाताना वळून म्हणाला, "आंटी, वो रस्सी रखी है क्या? माँ माँग रही थी. बाबा की गाँठ थी उसमें."

ती मी फांदीबरोबर सरपणात देऊन टाकली होती.