बिनधवल्याची हळद

पारूआत्या गेली, तेव्हा घरातला एकुलता एक 'लिहिणारा' म्हणून भिवंडीजवळच्या आमच्या राहनाळच्या नाक्यावरचा श्रद्धांजलीचा फलक माझ्याकडे आला. कचेरीत पंचवीस वर्षं टिपणं लिहिलेला मी! ऐटीत रंगवलं : 'ज्येष्ठ लोकगायिका'. आत्याच्या धाकट्या जावेला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "गायिका कवा व्हती रं ती? धवलारीन व्हती. पूस ते!"

पुसलं. पण तेव्हापासून गेले तीन आठवडे डोकं तापलेलं आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. तिने पहिला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, उचलल्याशिवाय हळद अंगाला लागत नसे. जाणकार सांगतात, जुन्या मराठीतले धवळे ते हेच. धवल म्हणजे पांढरं, शुभ. आत्याची व्युत्पत्ती सोपी होती : "तांदूल धवला, म्हनून गानं धवला. सालंत शिकवलं न्हाय तुला?"

अशा शब्दाचं आपण काय केलं? ऐंशीनंतर भिवंडीत पॉवरलूमच्या खडखडाटात जी मोठ्याने बोलेल ती 'धवलारीण'. मग घरोघरी, जी भांडेल ती. जिने लग्न लावायचं, तिच्या नावाची शिवी! आणि ती हसत हसत देणारे कोण? आम्हीच, चार बुकं शिकलेले.

नव्वदीच्या सुरुवातीला माझ्या धाकट्या भावाची हळद होती. बँड, माईक, व्हिडिओ, सगळा थाट. आत्या पाटाशेजारी बसून घसा खाकरते आहे, तोच शूटिंगवाला ओरडला, "ओ मावशी, जरा साइड में! आवाज मत करो." तो परगावचा, त्याला काय ठाऊक? मला ठाऊक होतं. तरी मीच आत्याचा दंड धरून तिला मागच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. वर म्हणालो, "पाचच मिनिटं हां, आत्या." त्या पाच मिनिटांत हळद लागून गेली...

"बिनधवल्याची हलद लावलीस, बाला," एवढंच बोलून ती न जेवता निघाली. पुढे आमच्या घरात ती कधी गायली नाही. मीही कधी 'गा' म्हटलं नाही.

हे सगळं परवा बायकोला वाचून दाखवलं. वाटलं, डोळ्यांना पदर लावेल. ती भाकरी थापत म्हणाली, "रागावून झालं? मग ऐका. आत्यांकडून चार धवले मी शिकून घेतलेत, तुम्हाला न विचारता. आपल्या मुलीच्या हळदीला पहिला मी उचलणार. चुकले तर चुकले. आणि लोक मला धवलारीण म्हणाले, तर तुम्ही मध्ये बोलायचं नाही."