शेळीच्या गोष्टीचं तात्पर्य

समोरच्या बाभळीखाली शेजाऱ्यांची शेळी मान ताणून पाल्याकडे बघते आहे. दावं वीतभर कमी पडतंय. ऊन तिच्या पाठीवर पेंगतंय. वाटतं, आता ही बोलेल.

आमच्या घरी शेळी एकदा बोलली होती. माझी दहावी झाली होती आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुढचं शिक्षण नको म्हटलं होतं. आई त्यांना उलट बोलत नसे. भाकरी थापता थापता तिनं माझ्या धाकट्या बहिणीला गोष्ट सांगितली. गोष्टीतली शेळी म्हणाली, “धनी, माझ्या करडाचं दावं जरा लांब करा. टेकडीवरचा पाला खाईल आणि दिवेलागणीला घरी येईल.”

दादा शेजारीच जेवत होते.

बहिणीला शाळेची सवय. “आई, तात्पर्य काय?”

“ते दादांना विचार.”

दादांनी घास गिळला. “त्या शेळीला म्हणावं, कॉलेजचा फॉर्म आणतो उद्या. लई शहाणी झालीय.”

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, हे मी ताठ मानेनं सांगते. बोधकथा आणि रूपककथा यांतला फरक मी परीक्षेत लिहिला, पण कळला होता चुलीपाशीच. बोधकथेतली शेळी सगळ्यांशी बोलते, म्हणून शेवटी तात्पर्य लागतं. रूपककथेतली शेळी म्हणजे घरातलंच कुणीतरी असतं, आणि ज्याला कळायचं त्याला ते कळतं.

मी उठते. बाभळीपाशी जाऊन दावं वीतभर सैल करते.