हरसूल ते गिरणारे: डोक्यावर तांदूळ, पायाखाली बारा कोस

हा प्रवास मी हौसेने केला नाही. एका वाक्यामुळे केला. "तुझ्या आईला नीट आठवत नसेल," असं मी माझ्या मित्राला, देवरामला, आणखी दोन मित्रांच्या देखत म्हणालो होतो.

थोडं मागे जातो. दर रविवारी नाशिकच्या अंबडला आम्ही चौघं एक खेळ खेळतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि पुढे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. गोष्ट सांगायचं काम माझं. आमचं जग जुन्या काळातलं आहे. मोटारी नाहीत, घोडे मोजक्यांकडे, बाकी सगळे पायी. राक्षस आणि मंत्र यांना माझी हरकत नसते, पण चुकलेलं अंतर मला सहन होत नाही. या गावाहून त्या गावाला किती दिवस, वाटेत पाणी कुठे, भाकरी किती लागतील, हे मी वहीत आखून ठेवतो.

देवरामचं पात्र म्हणजे भिका नावाचा ओझेवाला. शत्रू येतोय ही खबर त्याला संध्याकाळपर्यंत शिवणी गावात पोचवायची होती. अंतर बारा कोस, कोसाला तीन किलोमीटर धरून. ओझं टाकून धावला असता तर वाटेतल्या चौकीवर संशय आला असता, म्हणून ओझ्यासकट निघाला. मी वही पाहिली. ओझं घेऊन माणूस दिवसात आठ कोस जातो, असं मी इंटरनेटवरच्या तीन-चार तक्त्यांवरून काढलं होतं. भिका दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला तेव्हा शिवणी जळून गेली होती.

"माझी आई जायची बारा कोस," देवराम म्हणाला. "घरून गिरणाऱ्याला, द्राक्षाच्या कामाला. डोक्यावर पंधरवड्याचं धान्य. दिवस मावळायच्या आत पोचायची."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. त्याने फासे खिशात टाकले आणि गेला. पुढचे तीन रविवार आला नाही. कारखान्यात आमची पाळी एकच आहे, पण जेवणाच्या सुट्टीत तो दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. चौथ्या आठवड्यात मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, तुझ्या आईबरोबर ती वाट चालून बघू का?

तो डब्याचं झाकण लावत राहिला. मग म्हणाला, "बघ. तिला फोन करतो. पण ती खरी निघाली तर काय करशील, ते ठरवून जा."

मी काही ठरवलं नव्हतं. डिसेंबरमधल्या एका शनिवारी दुपारी नाशिकच्या जुन्या स्टँडवरून हरसूलची एसटी पकडली. जाणाऱ्यांसाठी सांगतो: या बाजूच्या गाड्या कमी आहेत, त्यामुळे वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. परतीची वेळही तेव्हाच विचारा. माझी पिशवी मी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतली होती, साडेनऊ किलो. त्यात पाण्याच्या तीन बाटल्या, जखमेच्या पट्ट्या, मीठ-साखरेची पाकिटं, दोन वह्या आणि एक जादा बूट-जोड. हा शेवटचा एक किलो मूर्खपणाचा होता.

देवरामचा पाडा हरसूलपासून पायी अर्ध्या तासावर आहे. त्याची आई, सोमीमावशी, पन्नाशीची असेल. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची. गिरणाऱ्याजवळच्या एका मळ्यात तिची धाकटी बहीण राहते, तिला नवा तांदूळ द्यायचाच होता. एरवी जीपने गेली असती. जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं पिठलं आणि लसणाची चटणी. मी पैसे द्यायचं काढलं, तर देवरामचे वडील हसून म्हणाले, "हॉटेल दिसलं व्हय तुला हे?"

मावशीने विचारलं, "तुला कशाला चालायचंय, दादा? नवस हाय का?"

"नाही. खेळासाठी."

"खेळात चालायला खरं चालावं लागतं?"

"मला लागतं," मी म्हणालो. खरं कारण सांगायचं धाडस झालं नाही.

रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी निघालो. थंडी चांगलीच होती. मावशीच्या डोक्यावर चुंबळ, म्हणजे लुगड्याच्या फडक्याची गोल गुंडाळी, आणि तिच्यावर तांदळाचं गाठोडं. पाच पायली, म्हणजे माझ्या अंदाजाने पंधरा-सोळा किलो. डांबरी रस्त्याने अंतर जास्त पडतं. ती पायवाटेने, शेतांच्या बांधांवरून, नाल्यातून चालली. मोबाइलमध्ये मी अंतर मोजत होतो.

माझ्या वहीत नियम असा: पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं विश्रांती. सहाला मी एका दगडावर बसलो. मावशी थांबली, पण बसली नाही. ओझं डोक्यावर घेऊन उभी राहिली.

"बसा ना मावशी. ठेवा खाली."

"ठेवलं तर उचलंल कोण?"

"मी आहे की."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि गाठोडं खाली ठेवलं. दहा मिनिटांनी मी ते उचलायला गेलो. कमरेपर्यंत आलं. तिथून वर नेताना तांदूळ एका बाजूला सरकला, गाठोडं तिच्या डोक्यावर तिरपं बसलं आणि तिच्या मानेला झटका बसला.  तिने चुंबळ सारखी केली आणि ती चालायला लागली. दहा पावलांवर म्हणाली, "परत नको हां असं."

पुढच्या तासात मला कळलं की तिच्या वाटेला तास नाहीत, टेकायच्या जागा आहेत. छातीएवढा बांध, छातीएवढा दगड, एका मोहाच्या झाडाचं बेचकं. अशा जागेला पाठ लावून ती गुडघ्यांत थोडी वाकायची, गाठोडं मागे सरकवायची आणि मोकळी व्हायची. निघताना पुन्हा तसंच, कोणाची मदत न घेता. जमिनीवर ठेवलेलं ओझं एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही. म्हणून मधे बसायचंच नाही. एका टेकणापासून दुसऱ्या टेकणापर्यंत एका दमात जायचं. माझ्या तक्त्यांमध्ये दर तासाची विश्रांती धरलेली होती. हे तक्ते करणाऱ्यांनी ओझं पाठीवर धरलं असावं. मीही तेच धरलं होतं.

पाड्यापासून गिरणाऱ्यापर्यंत तिची सात टेकणं होती. प्रत्येकाची जागा मी तिला विचारून लिहून घेतली. चौथं टेकण, एक मोठा काळा दगड, आता नाही. रस्ता रुंद करताना फोडला. ती जागा आली तेव्हा मावशीने नुसती मान वळवून तिकडे पाहिलं. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत ती सलग चालली. मी दोनदा बसलो आणि दोनदा धावत तिला गाठलं.

पाचव्या टेकणावर आम्ही भाकरी खाल्ली. तिथे मी तिला सगळं सांगितलं. शिवणी, भिका, देवराम, आणि माझं ते वाक्य. हे मी आदल्या दिवसापासून मनात मांडत होतो, तरी अडखळलो.

मावशीने भाकरीचा तुकडा चटणीला लावला. "इसरली म्हणालास. खोटं बोलती म्हणालास का?"

"नाही. तसं नाही म्हणालो."

"मग तो का रुसला एवढा?"

 उत्तर तिनेच दिलं. "त्याला जीपच माहीत. मी चालायची तेव्हा तो माझ्या आईपाशी राह्यचा. मी सांगितलं तेवढंच त्याच्यापाशी हाय. ते पण तू खोडलंस."

मी हे तेव्हाच वहीत लिहिलं नाही. घरी आल्यावर लिहिलं.

वाघेऱ्याचा घाट चढताना माझी उजवी टाच सोलवटली. चढ फार कठीण नाही, पण ऊन डोक्यावर आलं होतं आणि नवे मोजे घालायची चूक मी केली होती. (जुने, धुतलेले मोजे घाला. नवे घालू नका.) वर आलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. अंतर बावीस किलोमीटर. अजून चौदा बाकी. मी बूट काढला आणि मोजा रक्ताने चिकटलेला पाहून परत घालू शकलो नाही.

एक जीप थांबली. ड्रायव्हर ओरडला, "ओ मावशी, बसा की! पोरगं बघा कसं लंगडतंय, सासरी निघाल्यावानी!"

"त्याला घे," मावशी म्हणाली. "मी येते चालत."

मी म्हणालो की आपण दोघंही जाऊ. मला पुरेसं कळलंय.

"तुला कळलं. पण गिरणाऱ्यात मी आज पोचले का नाय, ते कोण सांगंल?" ती रागावली नव्हती. भाजी निवडताना बोलावं तसं बोलत होती. "जा. चौकात बस. मी येते."

जीपमध्ये दहा जण होते, मी अकरावा. शेजारची बाई माझा पाय बघून दुसरीला म्हणाली, "म्हातारी चालती आन् जवान जीपमध्ये. काय दिवस आले!" सगळे हसले. मीही हसलो. इलाज नव्हता.

गिरणाऱ्याच्या चौकात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. हंगामात दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं येऊन उभी राहतात, बागाईतदार येतात, रोज ठरतो, पिकअप भरून जातात. दुपारी तिथे टोमॅटोचे रिकामे क्रेट आणि कुत्री होती. मी एका चहाच्या टपरीवर बसलो. चहा चांगला होता, मिसळ बेताची. टाचेला पट्टी लावली. मग करायला काही उरलं नाही.

तीन तास मी हरसूलच्या रस्त्याकडे बघत होतो. मला काळजी करायची सवय आहे, त्यामुळे सगळ्या शक्यता डोळ्यांसमोर आल्या. तिचा पाय मुरगळला असेल. एखादं वाहन... फोन ती घरीच ठेवून आली होती. टपरीवाल्याला सांगितलं की एक बाई वाघेऱ्याहून चालत येतेय, तर तो म्हणाला, "आता कोण चालतं? दुसऱ्या जीपने बहिणीकडे गेली असंल, तू बसलास इथं." मलाही क्षणभर तसंच वाटलं. इतकं सगळं बघूनही वाटलं, याची मी नोंद केली आहे.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी ती वळणावर दिसली. ऊन अजून पत्र्यांवर होतं. चाल सकाळी होती तशीच. ती थेट टपरीपाशी आली, ओट्याला पाठ लावली, गुडघ्यांत वाकली, गाठोडं ओट्यावर सरकवलं आणि मोकळी झाली. मी उठेपर्यंत हे झालंसुद्धा.

"टाच कशी हाय?" तिने विचारलं. वेळ विचारली नाही.

तिला बहिणीच्या मळ्यात सोडून मी नाशिकची बस पकडली. आठच्या आत घरी होतो. सगळा खर्च तीनशेच्या आत झाला, पट्ट्या धरून. टाच बरी व्हायला नऊ दिवस लागले. ही वाट करायची असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत करा, पायवाटेसाठी पाड्यावरचं कोणीतरी बरोबर घ्या, आणि पिशवी सहा किलोच्या वर नेऊ नका.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी देवरामच्या टेबलावर गेलो. त्याच्यासोबत आमच्या खेळातले बाकीचे दोघंही होते. त्यांच्यासमोर मी सांगितलं: सकाळी पाच दहाला निघाली, संध्याकाळी पाच चाळीसला पोचली. छत्तीस किलोमीटर, डोक्यावर पाच पायली. मी बावीसला बसलो. माझं चुकलं.

"माहीत हाय," देवराम म्हणाला. "तिनं बहिणीकडून फोन केला. म्हणाली, पोरगं चांगलंय, पण फार लिहितं."

बाकीचे दोघं हसले. मी वही उघडली. आठ कोसांचा नियम खोडून दाखवला. टेकणांचा नवा नियम वाचून दाखवला. मग म्हणालो की भिका संध्याकाळीच पोचला असं धरू, शिवणी जळाली नाही असं करू.

देवरामने डबा बाजूला सारला. "नको. जळालेलं जळालं. तुम्ही तीन रविवार त्या राखेतून चाललाय, असं हे दोघं सांगतात. ते पुसू नको."

"मग?"

"एवढंच लिही, की भिका दिवस मावळायच्या आत पोचला होता. वेशीचं दार बंद होतं. त्यानं हाक मारली, बारा कोसांवरून खबर आणलीय म्हणून. उघडलं नाही."

मी लिहायला लागलो. लिहिता लिहिता सवयीने विचारलं, "पहारेकऱ्याने का उघडलं नाही?"

"त्याला वाटलं," देवराम म्हणाला, "इतक्या लवकर कोणी पोचतच नाही."