तीन घासांत इथिओपिया

अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकत होतो तेव्हा विद्यापीठाच्या कँटीनमध्ये एक इथिओपियन गृहस्थ रोज दुपारी डबा उघडून बसायचे. काळा सूट, भरदार पोट आणि मान अशी ताठ, की नुकतेच दरबारातून उठून आलेत! ऐंशीच्या दशकात टीव्हीवर सारखा त्यांच्या देशातला दुष्काळ दिसे. म्हणून सगळे विचारत तेच मीही विचारलं, "तुमच्याकडे खायला मिळतं का हो?"

त्यांनी जाळीदार, आंबूस घावनात मसूर गुंडाळला आणि थेट माझ्या तोंडात कोंबला. आपल्याकडे असा घास लग्नात भरवतात! माझा रूममेट ओरडला, "यार, आता उखाणा घे!"

"आमच्याकडे पाहुण्याला असंच भरवतात," गृहस्थ म्हणाले. "शिवाय तोंड भरलं, की माणूस ऐकतो."

पहिल्या घासात त्यांनी इटलीची फौज पिटाळली, सम्राट घालवला, लष्कर आणलं. दुसऱ्या घासात डोंगरागणिक भाषा बदलणारी माणसं आली. तिसऱ्यात धर्म: जुनी चर्चं, शेजारी मशिदी आणि ख्रिश्चनांचा शुक्रवारचा बिनमांसाचा उपास. म्हणून तर मसूर!

मग ते हळूच म्हणाले, "टीव्हीवर सारं जग आम्हाला भरवताना दिसतं. म्हणून इथे मी भरवतो."

मी घास गिळतोय तोवर त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे लोक ऑफिसला हत्तीवरून जातात ना?"

मी माझा डबा उघडला. पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून त्यांच्या तोंडात कोंबली आणि त्यांच्यासारखीच मान ताठ केली.

"नीट ऐका," म्हटलं, "सह्याद्रीपासून सुरुवात करू."