काशिनाथच्या शेतातला राब

काशिनाथ झाडू मारायला यायचा तो गाजत यायचा. शहापूरच्या बाजारपेठेत आमच्या कामावरच्या बाया रांगेनं झाडत पुढं सरकायच्या आणि त्यांच्याही पुढं हा. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर खराटा. दुकानांच्या बंद फळ्यांवर थाप मारून ओरडायचा, "उठा शेठ, तुमचं कालचं पाप न्यायला आलोय! आज नवीन करा!" एका शेठनं चिडून चहाचं उरलेलं पाणी त्याच्या अंगावर फेकलं. काशिनाथनं ओठ चाटले. "साखर कमी हाय शेठ, पण चालंल."

तो डोळखांबकडचा कुणबी, घरची भातशेती असलेला. मी आटगावचा, एका ठेकेदाराकडे कारकुनी करणारा. नव्वदच्या दशकात पंचायतीनं रस्ते झाडण्याचं आणि कचरा उचलण्याचं काम ठेक्यानं द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याचा ट्रॅक्टर आणि माझी कागदपत्रांची अक्कल अशी आमची कंपनी उभी राहिली. तो मला नावानं कधी हाक मारत नसे. "ए कारकुना, तू सह्या कर. घाण मी बघतो."

कुणब्यानं खराटा धरला हे त्याच्या भावकीला सोसलं नाही. पुतणीच्या लग्नात त्याची पत्रावळ पंगतीपासून वेगळी मांडली. मी शेजारीच होतो. तो तिथं मांडी घालून बसला आणि वाढप्यांना ओरडला, "वाढा रं पोटभर! उद्या ह्या पत्रावळी मलाच उचलायच्या हाईत!" चारजण हसले. परतताना मात्र त्यानं टोपी काढून खिशात कोंबली.

आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी, वैशाखात, वाफ्यावर शेण, टहाळ आणि पालापाचोळा पसरतात, वर माती टाकतात आणि ते सगळं भाजतात. त्याला राब म्हणतात. राबासाठी लोक रानात जाऊन झाडं छाटायचे. काशिनाथला वाटलं, बाजारातला पाला, आंब्याच्या पेट्यांतला पेंढा, फुटक्या टोपल्या, हे सगळं खड्ड्यात का टाकायचं? त्यानं ते शेतावर नेऊन द्यायला सुरुवात केली. म्हसा गावच्या जत्रेनंतर गुरांच्या बाजारातलं शेण-गवत भरलेली आमची ट्रॉली निघाली, की शेतकरी वाट अडवून भांडायचे, आधी माझ्याकडं, आधी माझ्याकडं. याच नावावर आम्हाला मुरबाडचं काम मिळालं. ट्रॉल्या वाढल्या, माणसं वाढली.

मग मुरबाडकडचा एक रसायनांचा कारखाना आपला गोण्यांत भरलेला टाकाऊ माल न्यायला माणूस शोधत माझ्याकडे आला. काशिनाथ गरम झाला. "माज्या ट्रॉलीत जे चढंल ते मातीनं खाल्लं पायजे. त्या गोण्या माती खानार नाय. तुज्या अंगणात टाक." मी त्याला न सांगता सही केली. गोण्या वेगळ्या ट्रॉलीनं, लांबच्या खड्ड्यावर जात. त्याला कळलं तेव्हा तो भांडला, पण खराटा घेऊन कामावर येत राहिला.

त्या उन्हाळ्यात खड्ड्याजवळच्या गावानं रस्ता अडवला. भरलेली ट्रॉली उभी. ड्रायव्हर विचारायला आला, कुठं ओतू? मी म्हटलं, "आज काशिनाथच्या शेतात ओत. वर पाला पसर. उद्या उचलू." त्याच्या शेतात राबाचा पाला रोजच पडत होता, कुणाला संशय आला नसता. काशिनाथला निरोप द्यायचा मी टाळला. भांडण नको होतं.

सकाळी आमची माणसं ढीग उचलायला पोचण्याआधी काशिनाथनं वाफ्यावरच पडलेला तो ढीग वरवर सारखा केला होता. बायको बायजा म्हणाली, "उपसून बघा तरी." तो म्हणाला, "आपल्याच ट्रॉलीतला माल गो, त्यात काय बघायचा?" वर माती टाकली आणि पेटवलं. पिवळा धूर उठला. बायजावहिनी खोकत बांधाकडं पळाल्या. काशिनाथला पळता आलं असतं, पण आग शेजाऱ्याच्या पेंढ्याच्या उडवीकडं सरकत होती. तो हिरव्या फांदीनं ती झोडपत धुरात उभा राहिला. उडवी वाचली. त्याला ठाण्याच्या इस्पितळात नेलं. तिथं त्याची छाती मोकळी झालीच नाही, नुसती घरघरत राहिली, आणि तो गेला.

शेजाऱ्याचे दोन्ही बैल मेले. विहिरीला वास येऊ लागला. पंचायतीसमोर सगळा गाव जमला, तेव्हा मी उभा राहून सांगितलं की काशिनाथ कंपनीला न कळवता गोण्या परस्पर शेतात न्यायचा. ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. त्याला मी पुढं मुरबाडच्या कामावर मुकादम केलं. कंपनी टिकली.

ज्यानं उडवी वाचवली त्याच्याच घरच्यांचं पाणी शेजाऱ्यानं बंद केलं. "लोभापायी गाव जाळला," असं बायका पाणवठ्यावर वहिनींना ऐकवायच्या. मुलाची सोयरीक मोडली. तो भिवंडीला निघून गेला आणि तिथं बापाचं नाव सांगणं टाळू लागला.

यंदा मी वहिनींकडं गेलो. त्या ओटीवर नाचणी पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. सुपाचा आवाज थांबला नाही.

"मला काय सांगता? माजा मानूस चोरून काय आनायचा नाय, ह्ये मला तवाच ठावं व्हतं. ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा."

"त्यातले बरेच गेले, वहिनी."

"मग उरल्यात त्यांना सांगा. ते जायाच्या आत. आन् तुमी जायाच्या आत."

त्यांनी मला पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

तर उरलेल्यांनो, काशिनाथनं एकही गोणी आणली नाही. त्या मी पाठवल्या होत्या.