अंथरलेली वाकळ

रेहानाचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात उष्माघाताच्या पत्रकाची प्रुफं तपासत होते. ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ ही ओळ ठळक घ्यायला सांगितली होती. रेहाना आत्याची शेजारीण. ती एवढंच म्हणाली, ‘‘खाला उठतेच नै.’’ तिची खाला म्हणजे माझी सुलाआत्या, वडिलांची थोरली बहीण. ती घराबाहेर पडलीच नव्हती. स्वतःच्या पत्र्याच्या खोलीत, दार लावून, पंखा बंद करून, वाकळ शिवता शिवता गेली. सात आठवडे झाले, तरी मला रडू येण्याआधी तिचा राग येतो.

यंदाचा उन्हाळा सोलापूरकरांना सांगायला नको. आत्याची खोली वस्तीच्या टोकाला, पुढे नुसता माळ. वाळलेल्या गवताला कोणीतरी काडी लावायचं, वणवा दोन-दोन दिवस धुमसायचा आणि राख थेट तिच्या उंबऱ्यावर. मी कचेरीत अर्ज दिले, त्यांची पोच तेवढी मिळाली. राखेने कापड काळं पडतं म्हणून हिने दार-खिडकी लावून घेतली. पंखाही नाही, कारण जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरले की वाऱ्याने सरकतात. टाके कडेकडेने मध्यापर्यंत पोचल्याशिवाय वाकळ जागची हलवायची नाही... चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, दोन विटा, आणि शेजारी घामाने निथळणारी आत्या. वाकळ रेहानाच्या होणाऱ्या बाळासाठी होती. बाळाच्या अंगाखाली पहिल्यांदा जुनं, मऊच हवं, विकतचं नाही, हा तिचा कायदा.

आमचं घर स्लॅबचं, कूलर आहे. मी तिला न्यायला गेले, तर म्हणाली, कडा तरी होऊ दे. दुसऱ्यांदा रिक्षाच घेऊन गेले. तिने रिक्षावाल्याला ताक पाजलं, परत पाठवलं, आणि गरीब माणसाला उन्हात ताटकळत ठेवलं म्हणून वर मलाच झापलं. मी पत्रकाचा कच्चा मसुदा पुढे धरून तापमान, पत्रा, तिचं वय, यावर भाषण दिलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘ह्ये समदं त्या कागदावर लिवलंयस न्हवं? मग तोंडानं कशाला सांगतीस? मला वाचता येतंय की.’’

तिसऱ्या खेपेला मात्र तिचा आवाज उतरला होता. म्हणाली, ‘‘बस की समोर. दोघी असलो तर दोन दिसात वाकळ उठंल. मग येते तुज्याकडं.’’

शाळेत शिवणाच्या तासाला मी सुई धरणार नाही असं जाहीर केलं होतं. मुलगे मैदानावर आणि मुली टाक्यांवर, हे मला मान्य नव्हतं. वडिलांनी त्यावर पत्रक काढलं, गल्लीभर वाटलं. तेव्हापासून मी साधं बटणही लावलेलं नाही. त्या दिवशीही मी तेच म्हणाले, ‘‘आत्या, मी सुई धरत नाही. तुला माहीत आहे.’’

‘‘व्हय, ठावं हाय,’’ म्हणाली, आणि चष्मा वर सारून पुन्हा वाकली. चौथ्या दिवशी रेहानाचा फोन आला.

तत्त्व मला अजूनही बरोबरच वाटतं, आणि त्याचीच जास्त चीड येते. शाळेत सक्ती होत होती. इथे एक थकलेली बाई हात मागत होती... एवढंही कळू नये?

तिला बाहेर आणताना माणसं भिंतीला चिकटून चालली, वाकळीवर कोणी पाय दिला नाही. रेहानाला मुलगी झाली. मी रोज दुपारी त्या खोलीत जाते. रेहाना लेकीला मांडीवर घेऊन बसते आणि माझा टाका वाकडा गेला की उसवायला लावते. आत्याची सुई जिथे थांबली तिथेच टोचलेली आहे, लाल दोरा ओवलेला. मी ती काढली नाही. दुसरी सुई आणून समोरच्या कडेने सुरुवात केली. तिच्या टाक्यांपर्यंत पोचायला अजून दीड हात बाकी आहे.