तीनच्या खेळाला बेशुद्ध

भुताच्या सिनेमात बेशुद्ध पडणं हे एकेकाळी माझं काम होतं. बायकोला मी हे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ऑफिसात अजून कुणाला ठाऊक नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मी मॅट्रिक होऊन लालबागच्या चाळीत रिकामा बसलो होतो. वडील गिरणीच्या ऑफिसात कारकून. ते संध्याकाळी सभेला निघताना म्हणत, "नोकरी नाही तर निदान सभेला तरी ये." मी नोकरी शोधायला जातो असं सांगून दुपारी जवळच्या थिएटरात जाऊन बसे. तिथे मारधाडीचे नाहीतर जादूचे सिनेमे लागत. मुखवट्यातला घोडेस्वार, उडता गालिचा, पुठ्ठ्याची गुहा, तोंडातून धूर सोडणारा राक्षस. शिकलेली माणसं नाकं मुरडत. रातपाळीचे गिरणी कामगार मात्र झोप अर्धी टाकून तीनच्या खेळाला येत. गुहा पुठ्ठ्याची आहे हे त्यांनाही दिसायचं. तरी घोडेस्वार तिच्यात शिरला की सगळे श्वास रोखून बसत. मीही बसे. असले सिनेमे मला मनापासून आवडत आणि अजूनही आवडतात.

एकदा विहिरीतून चेटकीण वर येते असा सिनेमा लागला. पहिल्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मॅनेजरने मला गणेशोत्सवातल्या नाटकात मरताना पाहिलं होतं. त्याने बोलावून सांगितलं, "चेटकीण वर आली की ओरडायचं आणि पडायचं. पुढचं आमची माणसं बघतील." डोअरकीपर मला उचलून बाहेर नेत. बाहेर नर्ससारखी पांढरी साडी नेसलेली एक बाई माझ्या नाकाशी बाटली धरी. पुढच्या खेळाच्या रांगेतली माणसं माना लांब करून बघत. आठवड्याभरात हाउसफुल्लचा बोर्ड लागला. मला लाज वाटली नाही. खोट्या सिनेमात आणखी एक खोटं, इतकंच मला वाटे.

पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या एका वयस्कर माणसाने डोअरकीपर यायच्या आत माझं डोकं मांडीवर घेतलं आणि टोपीने वारा घातला. ते मालवणकडचे, गिरणीत मागावर काम करणारे. असा प्रत्येक सिनेमा ते दोनदा बघत. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी मला ओळखलं.

"झिला, भिती वाटता तर येतंस कित्याक?"

"आवडतं, काका."

"मग माझ्या बाजूक बस. ती वर इली की तिच्याकडे बघू नको. तिच्या डोक्यार बघ. तार दिसता."

मी बघितलं. खरंच तार दिसत होती. तरीही मला ठरल्याप्रमाणे पडावं लागलं, आणि काकांनी पुन्हा टोपीने वारा घातला. आपण सांगितलेला उपाय लागू पडला नाही याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसले. सिनेमा दोनदाच बघणारा माणूस तिसऱ्यांदा कशासाठी आला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझ्यासाठी आले असावेत अशी भीती होती.

त्या दिवशी विहिरीतून हात वर आला आणि काका माझ्या खांद्यावर कलंडले. आधी वाटलं, डुलकी लागली. मग त्यांचा हात लागला. तो ओला आणि गार होता. एवढ्यात डोअरकीपर टॉर्च घेऊन आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "काय रे, म्हाताऱ्यालाही ठेवला काय आज? मॅनेजर बोलला नाही." मागून कुणीतरी ओरडलं, "आज जोडी पडली रे." लोक हसले. टॉर्च माझ्या तोंडावर आला, आणि मी रोजच्या सवयीने ओरडलो आणि पडलो.

मला माहीत होतं. त्या सबंध थिएटरात मला एकट्यालाच माहीत होतं की काका ठेवलेले नाहीत, कारण ठेवलेला मी होतो. मी डोळे मिटून पडून राहिलो. दोघांना उचलायला आणखी माणसं हवीत म्हणून डोअरकीपर बाहेर गेला. शेजारी त्यांचा श्वास घरघरत होता. हे खरे आजारी आहेत म्हणायचं तर मी खोटा आहे हेही म्हणावं लागणार होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी डोळे उघडले तेव्हा चेटकीण विहिरीपासून किल्ल्याच्या जिन्यापर्यंत पोहोचली होती.

मी उठून बसलो आणि म्हणालो, "यांना खरंच झालंय."

"मग तू कोण?" मागून आवाज आला.

"मी पैसे घेऊन पडतो. दिवे लावा."

कुणी मला मारलं नाही. काकांना उचलायलाच चार हात पुढे आले. बाहेर ती पांढऱ्या साडीतली बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "माझ्या बाटलीत नुसतं पाणी आहे हो." रस्त्यावर मोर्चा होता, त्यामुळे टॅक्सी मिळणं शक्य नव्हतं. मी काकांना पाठीवर घेऊन सरळ गर्दीत शिरलो. एकाने विचारलं, "लाठी लागली काय?"

"नाही. सिनेमा बघत होते."

त्याने पुढच्या दोघांना हाक मारली. त्यांच्याकडे दोन बांबूंना बांधलेला लांब कापडी फलक होता. तो त्यांनी आडवा केला, काकांना त्यावर निजवलं, आणि आम्ही परळच्या दिशेने निघालो. मोर्चा समोरून येत होता. लोक घोषणा थांबवून बाजूला होत होते आणि आम्ही पुढे गेलो की पुन्हा घोषणा सुरू होत होत्या. काकांच्या अंगाखालून 'झालाच पाहिजे' एवढीच अक्षरं दिसत होती.

काका वाचले. डाव्या हातातली शक्ती मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. त्या 'आणखी' शब्दावर मी कितीतरी रात्री घालवल्या. इस्पितळात मी रोज जाई. काकी प्रत्येक वेळी म्हणत, "तू होतंस म्हणान." शेवटी मला ते ऐकवेना. काका घरी आल्यावर मी त्यांच्या खोलीत जाऊन दोघांना सगळं सांगितलं. चेटकीण जिन्यापर्यंत पोहोचेतोवर मी पडून राहिलो, हेसुद्धा सांगितलं. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काकींनी माझ्यापुढचा चहा उचलला नाही, पण घे असंही म्हणाल्या नाहीत. त्याच संध्याकाळी मी वडिलांनाही सांगितलं. ते म्हणाले, "उद्या सभेला ये माझ्याबरोबर." मी गेलो.

दहा-बारा दिवसांनी काकांचा निरोप आला.

"बस," ते म्हणाले. "त्या चेटकिणीचा शेवटाक काय झाला? आधी दोनदा बघलंय, पण आजारपणात सगळा इसारलंय."

"मला ठाऊक नाही, काका."

"रोज जाय होतंस मां?"

"मला मध्येच उचलून नेत ना."

त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसली. काकी मागे वळून भांडी घासू लागल्या, पण त्यांचेही खांदे हलत होते.

पुढे काही महिन्यांनी तो सिनेमा परळला सकाळच्या खेळाला लागला. गिरणीने तोवर काकांना हलकं काम दिलं होतं आणि मला एका गोदामात कारकुनी मिळाली होती. काकी म्हणाल्या, "तुमका दोघांका एकट्याक सोडूचा नाय," आणि आयुष्यात पहिल्यांदा भुताचा सिनेमा बघायला आल्या. विहिरीतून हात वर आला तेव्हा माझं तोंड ओरडायला आपोआप उघडलं. काकांनी आपला तो दुबळा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. उचलायला त्यांना वेळ लागला. मी डोळे उघडे ठेवले.

शेवटी चेटकीण म्हणजे शाप मिळालेली राजकन्या निघाली. तिचं लग्न झालं.

"म्हणजे ती वायट नव्हतीच," काका म्हणाले.

"नव्हती."

"बरा झाला." त्यांनी टोपी घातली आणि शेजारी बघितलं. काकी अजून पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. "उठ गो," ते म्हणाले, "लगीन झाला तिचा."